शेवटची वीत

मार्च लागला की माझ्या हातून कामं बिघडायला लागतात. बाही उलटी जोडली जाते, काजं तिरकी होतात, साधी तुरपाई उसवून पुन्हा घालावी लागते. गिऱ्हाइकं म्हणतात, बाईंना ऊन लागलं. मीही हो म्हणते. नांदेडच्या उन्हावर काहीही ढकलावं, ते बिचारं तक्रार करायला येत नाही. खरं कारण माझ्या शिलाईच्या दुकानाच्या खालीच आहे. तिथे एक सायकलवाला बसतो. परीक्षेचे दिवस आले की वर्षभर जिन्याखाली पडलेल्या सायकली घेऊन पोरं-पोरी त्याच्याकडे येतात, आणि दिवसभर टायर निघत राहतात, बसत राहतात.

टायर निघतानाचा आवाज मला सोसतो. लोखंडी पट्टी रिमच्या कडेला घासते, रबर चरचरतं, पट्टी सटकून फरशीवर पडते, सायकलवाला शिवी देतो. सोसत नाही तो बसतानाचा. सगळा टायर आत गेलेला असतो, थोडासाच बाहेर राहिलेला असतो, माणूस श्वास धरून अंगठे रेटत असतो आणि मग टप् करून तेवढा भागही आत पडतो. एवढाच आवाज. पण तो आला की माझा पाय मशीनवरून आपोआप उचलला जातो. समोरची बाई विचारते, काय झालं? मी म्हणते, सुई तुटली.

त्या बाहेर राहिलेल्या भागाला आमच्या घरात ‘शेवटची वीत’ म्हणत. म्हणत म्हणजे अण्णा म्हणायचा, आणि अण्णा म्हणेल ते घर म्हणायचं. अण्णा माझा थोरला भाऊ. आता नाही. तो गेला त्याचं मला जेवढं वाईट वाटतं, त्याहून जास्त त्याच्या आधीच्या एका उन्हाळ्याचं वाटतं. माणूस जातो हे कधी ना कधी ठरलेलंच असतं. पण त्या उन्हाळ्यात जे झालं ते कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

शिरूर अनंतपाळच्या रस्त्याने जाताना डांबर जिथे संपतं तिथून थोडं आत आमचं गाव. अण्णाची कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर, एक म्हैस, आणि स्वभाव असा की म्हशीनेही त्याला विचारून हंबरावं. आपल्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. तरुणपणी तो सायकलवर निलंग्याच्या बाजारापर्यंत जायचा, येताना तिच्यावर पोतं असायचं. ती सायकल त्याने जन्मात कधी दुकानात नेली नाही. पंक्चर त्याचं, ब्रेक त्याचे, टायर त्याचा. पुढे मोटरसायकल घेतली, तरी गावातल्या कुणाचा टायर अडला की हा वट्ट्यावरून ओरडायचा, “आन इकडं!”

टायर काढताना पट्टी वापरायची, बसवताना फक्त हात, हा त्याचा नियम. बसवताना पट्टी घातली की आतली ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये सापडते आणि तिला बारीक छेद जातो. त्याला तो ‘ट्यूब चावली’ म्हणायचा. ज्याने ट्यूब चावली त्या माणसाबद्दल त्याचं मत कायमचं वाईट व्हायचं. माझ्या नवऱ्याबद्दल झालं होतं. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला हे गृहस्थ सासुरवाडीला आले, मेव्हण्यावर छाप पाडायला म्हणून सायकलचा टायर बसवायला घेतला आणि पट्टी घातली. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाला, “मंगे, मानूस बरा हाय, पर घाईचा हाय.” पुढचा सगळा संसार मी त्या एका वाक्यावर तोलत आले आहे, आणि वाक्य चुकीचं निघालेलं नाही.

त्या वर्षी तुरीच्या राशी घरात आल्या आणि अण्णाला लकवा मारला. आमच्याकडे लकवा होत नाही, मारतो. खळ्यावर पोतं शिवता शिवता दाभण हातातून पडलं, ते उचलायला गेला तर हात गेला नाही. पाय पुढे सावरला, जीभही सुधारली. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. बोटं तळव्याकडे वळली आणि वळलेलीच राहिली.

मी नांदेडचं दुकान बंद करून माहेरी गेले. वहिनीला एकटीला त्याला उठवणं-बसवणं झेपत नव्हतं, आणि दीपाली, त्यांची पोर, बारावीला होती. गेले ती होळी उलटून गेली तरी तिथेच होते.

लकव्याच्या माणसाला बघायला येणारी माणसं हा एक वेगळाच ताप असतो. केळी घेऊन येतात, खाटेच्या काठावर बसतात, रोग्याच्या हाताकडे बघून च्च् करतात आणि मग औषध सांगतात. कुणी म्हणे कबुतराचं रक्त चोळा. कुणी म्हणे सीमेपलीकडे कर्नाटकात एक गाव आहे, तिथे झाडपाला देतात, माणूस चालत येतो. अण्णा चालतच होता हो, हातच तेवढा चालत नव्हता. एकाने तर मला बाहेर नेऊन कानात सांगितलं की जमिनीचं काय ते आत्ताच बघून घ्या. त्याची केळी मी म्हशीला घातली.

लातूरला डॉक्टरांकडे नेत होतो. दवाखान्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना क्लासचे फलक, फलकांवर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो, हसणारे, मार्कांसकट. अण्णा भाड्याच्या गाडीतून ते बघत राहायचा. एकदा म्हणाला, “एवढी लेकरं पास करतंय हे गाव. माझ्या एका हाताला न्हाई का घेनार?” वहिनी हसली. मला हसू आलं नाही.

तिथे व्यायाम शिकवणारी एक पोरगी होती, लहानसर, गोड बोलणारी. तिने अण्णाच्या तळव्यात रबरी चेंडू ठेवला आणि म्हणाली, “काका, दाबा. आता सोडा. मूठ उघडा बघू.” मूठ उघडली नाही. तिने स्वतःच्या हाताने त्याची बोटं एक एक करून सरळ केली, अंगठा आणि करंगळी ताणली आणि म्हणाली, एवढी वीत परत आणायची आपल्याला. डॉक्टर मात्र गोड बोलणारे नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, जे परत येणार ते या सुरुवातीच्या महिन्यांतच येईल. त्यानंतर जेवढं आलं तेवढं आपलं.

म्हणजे घरात दोन परीक्षा होत्या. दीपालीच्या परीक्षेची तारीख तरी छापलेली होती.

चेंडू अण्णाने गावात येताच गोठ्यात भिरकावला. “हे लेकराचं खेळनं. मला काम द्या.” काम कुठून द्यायचं? मग एसटीने ते आणून दिलं.

त्या वर्षी एसटी बंद होती. संप चालू होता, कित्येक महिने गावात लाल गाडी आलीच नव्हती. थांब्याच्या पत्र्याखाली शेळ्या बसायच्या. कॉलेजला आणि परीक्षेला जायचं ते शिरूरला, आणि जाणारी जीप भरली तर निघणार, नाही भरली तर नाही. दीपाली तशीच लोंबकळत जात होती. पण पेपरच्या दिवशी जीपच्या भरवशावर कोण राहणार? अण्णाची मोटरसायकल चालवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. तिला आठवीत शाळेतून मिळालेली सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. ती खाली काढली.

सायकल कसली, धुळीचा पुतळा. पुढचं चाक ठीक निघालं. मागचा टायर मात्र रिमला इतका चिकटला होता की टायर कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते कळेना. पत्र्याखालच्या उन्हाने रबर भाजून निघालेलं. वट्ट्यावर खाट, खाटेवर अण्णा, समोर चाक, आणि मी आणि दीपाली त्याच्याशी झटतोय. लोखंडी पट्टी एकच सापडली. एकीने भागत नाही. एकीने कड उचलायची, दुसरीने ती पुढे सरकवायची. अण्णा ओरडला, “चुलीपासलं उलथनं आन!”

वहिनी आतून धावत आली. “अवं, भाकरीचं उलथनं हाय ते!”

“भाकरी आज हातानं उलट,” अण्णा म्हणाला.

उलथणं वाकलं, पण टायर निघाला. कडेची तार रिमवरून सुटली तसा भुसभुशीत गंज आमच्या पायांवर पडला. टायरला जागोजाग भेगा होत्या. अण्णाने तो पायाने लांब लोटला आणि दीपालीला पुढच्या खेपेला शिरूरहून नवा आणायला सांगितला. मग म्हणाला, “आनल्यावर मी बसवनार. कुनी हात लावायचा न्हाई.”

नवा टायर आधी उन्हात टाकायचा, म्हणजे रबर जरा सैलावतं. मग एक कड रिमवर चढवायची, ती सहज जाते. ट्यूब आत घालायची, तोंडाने फुंकल्याइतकी हवा भरायची, आणि दुसरी कड वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, समोरच्या बाजूपासून सुरू करून दोन्हीकडून वर आणत वॉलपाशी संपवायची. बाही मुंड्यात बसवताना मी हेच करते, खालच्या शिवणीपासून निघून खांद्यावर येते, आणि जास्तीचं कापड शेवटी खांद्यावरच कुरकुर करतं. टायरचंही तसंच. शेवटची वीत येते आणि टायर एकदम शत्रू होतो. तिथे दोन हात लागतात. एक हात पुढचं मिळवतो, दुसरा मिळवलेलं राखतो. राखणारा हात ढिला पडला की इकडे बोटभर आत गेलेला टायर तिकडे बोटभर बाहेर येतो.

अण्णाचा राखणारा हात तो उजवा.

रोज दुपारी, म्हैस पाण्यावरून आली की, तो चाक गुडघ्यांत धरून बसायचा. डाव्या हाताने उजवा हात उचलून टायरवर ठेवायचा, त्याची बोटं कडेवर आवळून घ्यायची, आणि मग डाव्या अंगठ्याने रेटायला लागायचा. कपाळाची शीर फुगायची. डावीकडून टायर जायचा, उजवीकडून निघायचा. पुन्हा हात उचलून ठेवायचा. साबणाचं पाणी लावून झालं. गुडघ्याने दाबून झालं. रिमच्या मधल्या खोलगटात कड ढकलून ढील काढायची असते तीही काढून झाली. वीतभर राहायचाच. मग तो चाक बाजूला ठेवून भिंतीला टेकायचा आणि आम्ही सगळ्या आपापल्या कामात फार गढून गेल्याचं दाखवायचो.

आमच्या भाषेत टायर बसतो आणि धंदाही बसतो. शिवणकामात हात बसला म्हणजे कसब आलं, आणि घरात बसला म्हणजे संपला. एकाच शब्दात लोकांनी एवढं सगळं का कोंबलं असेल, हे त्या दुपारी माझ्या डोक्यात यायचं. करायला दुसरं काही नसलं की डोकं असल्या गोष्टी करतं.

कधी कधी उजव्या हाताची बोटं खरंच धरल्यासारखी वाटायची. अण्णा हाक मारायचा, “मंगे, बग, धरलं का न्हाई?” मी बघायचे. धरलेलं आहे की नुसतं अडकलेलं आहे, हे सांगणं अवघड होतं. “धरलंय की,” मी म्हणायचे. देवाने मला त्या वेळी दुसरं काही बोलायला सुचू दिलं नाही, हे बरंच केलं.

दीपालीला बापाचा हट्ट पटत नव्हता, आणि बापाचाच हट्ट तिच्यातही होता. ती वट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पुस्तक घेऊन बसायची, ओठ हलायचे, डोळे टायरवर. एक दिवस तिने पुस्तक आपटलं.

“पप्पा, द्या ना मला. मी बसवते. पेपर तोंडावर आलेत माझे.”

“हात लावू नको.”

“मग मी कशी जाऊ? उडत?”

“जाशील. सायकलवरच जाशील. म्या बसवून देतो.”

“आन न्हाई बसला तर?”

अण्णाने चाक पुन्हा गुडघ्यांत ओढलं. वहिनीने दीपालीला आत ओढलं. आतून तिचं कुजबुजणं मला ऐकू आलं, “गप बस गं. टायर न्हाई तो. ते आपला हात बसवायलेत.”

सुमनवहिनी फारशी शिकलेली नाही, पण घरातलं सगळ्यात आधी तिला कळतं. दवाखान्यात डॉक्टरांनी ते महिन्यांचं सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं होतं, तिने ऐकलं नाही. तिने ते आमच्या सगळ्यांपेक्षा नीट ऐकलं होतं. रोज सकाळी तेल कोमट करून ती त्याचं एकेक बोट चोळायची, हळूहळू सरळ करायची, आणि सरळ झालेलं बोट तिच्या हातातून सुटताच पुन्हा वळायचं. तिच्या तोंडून एकदाही हाय निघाली नाही. असल्या माणसांचंच मला भय वाटतं. आपण रडून मोकळे होतो, आणि ही माणसं काहीतरी करून बसतात.

पहिला पेपर उद्यावर आला. सकाळपासून अण्णाने चाकाला हात लावला नव्हता. जेवला, थोडा वेळ पडतो म्हणाला आणि झोपला. मी शेजारी दळणाला गेले. परतले तेव्हा तो उठून बसलेला होता, चाक गुडघ्यांत होतं, वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. उन्हं वट्ट्यावरून उतरायला लागली होती.

त्या दिवशी टायर वेगळाच वागला. अण्णाने नेहमीसारखा उजवा हात उचलून कडेवर ठेवला आणि डाव्याने रेटलं. टायर गेला. उजवीकडून निघाला नाही. अण्णा क्षणभर थांबला, मग घाईघाईने पुढे रेटत गेला, आणि शेवटची वीत, जिने त्याला इतक्या दुपारी रडवलं होतं, ती टप् करून आत पडली.

तो ओरडला. शब्द नव्हता, नुसता आवाज होता. दीपाली आतून धावत आली. “बसला? पप्पा, बसला?” अण्णाने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि तिला दाखवला, जणू तिने तो कधी पाहिलाच नव्हता. “यानं धरला! बग, यानं धरला!” मी रडले. लाज वाटण्यासारखं मोठ्याने रडले. वहिनी चौकटीला टेकून हसत होती, पदर तोंडात धरून, आणि तिला इतकं हसताना मी तिच्या लग्नानंतर प्रथमच पाहत होते. “च्या ठिव,” अण्णा तिला म्हणाला, “साखर जास्त घाल. आन फोन लाव लातूरला, त्या चेंडूवाल्या पोरीला सांग.”

ते सुख खोटं होतं असं आजही मला म्हणवत नाही. ते कशावर उभं होतं ते कळलं, म्हणून ते झालंच नाही असं कसं होईल? त्या थोड्या वेळापुरता माझा भाऊ बरा झाला होता.

दीपालीने पंप लावला. अण्णा चाकावर वाकून टायरची रेघ तपासत होता. कडेने एक बारीक रेघ असते, ती रिमला सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. हवा भरत गेली. एका जागी रेघ वर उचलली जायला लागली. टायर तिथे फुगला, गालात सुपारी धरल्यासारखा.

“थांब,” अण्णा म्हणाला.

“आजून भरायचीय, पप्पा.”

“थांब म्हनलं न्हाई का! हवा सोड.”

हवा सोडली. त्याने पट्टी मागितली. दीपालीने फुगलेल्या जागची कड उचलली, आणि अण्णा डाव्या हाताचं बोट आतून कडेवरून फिरवत गेला. एका जागी बोट थांबलं. त्याने तिथलं रबर उलटं करून उजेडात धरलं. कडेच्या आत जी पोलादी तार असते ती तिथे तुटलेली होती. झिजून नव्हे. कापलेली होती, साफ, आणि वरच्या रबरावर पकडीच्या दातांचे ठसे होते.

दीपालीने पट्टी खाली ठेवली. मग वहिनी पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं, काढायचं राहून गेल्यासारखं.

“म्या तोडली,” ती म्हणाली. “तुमी निजला तवा.”

“कामून?”

“सैल व्हावा म्हनून. तुमाला जमावं म्हनून.” ती माझ्याकडे वळली. “वन्सं, नेफ्यात नाडी असतीया, तसंच वाटलं मला. आवळलेली नाडी सोडली की परकर सैल हुतो. म्हनलं, टायराच्या कडंलाबी नाडीच घातलीया.”

तिचं चुकलं कुठे? टायरच्या कडेत खरंच नेफ्यात नाडी असते तशी तार असते. पण ती नाडीच टायरला रिमवर धरून ठेवते. ती कापली की टायर सैल होतो हे खरं, आणि पोर रस्त्याला लागली, हवेचा जोर आला, की तो रिम सोडतो हेही खरं. शिरूरच्या उताराला, मागून ट्रॅक्टर येत असताना. हे अण्णाला बोट तारेवर पडलं त्याच क्षणी दिसलं असणार. मला ते त्याच्या तोंडाकडे पाहून दिसलं.

मला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेणार. उलथणं वाकलं म्हणून, ताक आंबट झालं म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस. तो नुसता बघत राहिला, वहिनीकडे नाही, आपल्या उजव्या हाताकडे. आत्ता ज्याचं इतकं कौतुक झालं होतं तो हात मांडीवर उताणा पडला होता, बोटं मिटलेली. त्याने काहीच धरलेलं नव्हतं. सैल टायरला धरावं लागत नाही.

अण्णाला हे कळत होतं, आणि ते त्याला कळतंय हे आम्हा तिघींना दिसत होतं. त्या वट्ट्यावर पळून जायला जागा नव्हती. मी आयुष्यात तीन मरणं जवळून पाहिली, त्यात आई-बापाची दोन, आणि एकाही वेळी मला इतकं उघडंवाघडं वाटलं नाही.

“च्या उतू गेला बग,” तो शेवटी वहिनीला म्हणाला. खरंच आतून जळल्याचा वास येत होता. ती गेली.

पेपर सकाळी होता. शिरूरच्या दुकानात जाऊन नवा टायर आणायला ना वेळ होता ना वाहन. काढलेला जुना टायर गोठ्याच्या पत्र्यावर वाऱ्याला वजन म्हणून टाकलेला होता. दीपालीने वर चढून तो काढला. भेगा होत्या, पण तार शाबूत होती. दिवसभर तापलेल्या पत्र्यावरचा, हाताला चटका बसत होता. तिने तो अण्णाच्या पुढ्यात आणून ठेवला आणि सवयीने मागे सरकली.

अण्णाने चाक गुडघ्यांत घेतलं. डाव्या हाताने उजवा हात उचलला. तो अर्ध्यावर आणला आणि परत मांडीवर ठेवला.

“मला होत न्हाई,” तो म्हणाला. “तू बसव.”

एवढंच वाक्य. तो ओरडून बोलला नाही, पडक्या आवाजातही बोलला नाही. दीपाली त्याच्याकडे बघतच राहिली. तिने ज्यासाठी पुस्तक आपटलं होतं तेच तिला मिळत होतं, आणि ती म्हणाली, “नको पप्पा. तुमीच बगा आजून एकदा.”

“बिगीनं कर. उजेड चाललाय.”

ती समोर बसली. वॉलच्या समोरच्या बाजूपासून सुरुवात केली. त्याने गुडघ्याने खालचा भाग रिमच्या खोलगटात दाबून धरला आणि डाव्या हाताने तिने मिळवलेलं राखत गेला. शेवटची वीत आली. दीपालीचे अंगठे पांढरे पडले, तिने दोनदा सोडून दिलं. “पट्टी घालू?” तिने विचारलं. अण्णाने मान हलवली. नाही. तिसऱ्या वेळी ती रडत रडत रेटत होती, आणि अण्णा हळू आवाजात म्हणत होता, आस्ते, आस्ते, चावू देऊ नको. टायर बसला. आवाज आला. या वेळी कुणी ओरडलं नाही. तिने वॉल वर ढकलून ट्यूब सापडली नसल्याची खात्री केली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हवा भरली. रेघ सगळीकडून सारखी आली.

रात्री वहिनी त्याला भरवायला बसली तेव्हा तो तिला म्हणाला, “मी रागावलो न्हाई.” ती म्हणाली, “रागावला असता तर बरं झालं असतं.” मी ताट घेऊन मागच्या दारी गेले. नवरा-बायकोच्या अशा बोलण्यात नणंदेचं काही काम नसतं.

सकाळी दीपाली निघाली. वहिनीने तिच्या हातावर दही दिलं. ती देवाच्या पाया पडली, माझ्या पडली, आईच्या पडली, आणि मग वट्ट्यावर बसलेल्या अण्णापुढे वाकली. आमच्या घरात डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत, आशीर्वाद तर नाहीच. लकवा मारल्यापासून कुणीही पाया पडलं की अण्णा डाव्या हाताने उजवा उचलायचा आणि तो समोरच्याच्या डोक्यावर ठेवायचा, कितीही वेळ लागला तरी. त्या सकाळी त्याने उजवा हात जिथे होता तिथेच राहू दिला. नुसता डावा पुढे केला, आणि तो तिच्या डोक्यापर्यंत पोचायच्या आत थांबवला.

“डावाच हाय,” तो म्हणाला. “चालंल का?”

वहिनीने तोंड फिरवलं.

“चालंल, पप्पा,” दीपाली म्हणाली, आणि तो हात डोक्यावर टेकेपर्यंत वाकून राहिली.